जुनं मातीचं घर पाडायचं नाहीये: पर्यावरणाला सोसेल अशी दुरुस्ती कशी करावी?

शेवग्याची_शेंग

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात मंगळवार पेठेत आमचं घर आहे, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. पुढचा भाग जुना आहे. पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या (न भाजलेल्या विटांच्या) चांगल्या दीड फूट जाड भिंती, सागाचे खांब आणि तुळया, वर मंगळूरी कौलं. मागे १९९४ साली स्वयंपाकघर, न्हाणी आणि एक खोली वाढवली, ती विटांची आणि वर स्लॅब. सगळं मिळून साधारण ९०० चौरस फूट, निम्मं कौलारू, निम्मं स्लॅबचं. परसात आड आहे, पाणी वर्षभर असतं, पण नळ आल्यापासून कुणी वापरत नाही. घरात आम्ही पाच माणसं, त्यात सासूबाईंचे गुडघे आणि सासऱ्यांचा दमा.

दुखणी अशी. मागची स्लॅबची खोली उन्हाळ्यात रात्री अकरालासुद्धा भट्टी. पुढच्या भागात पावसाळ्यात भिंतींना ओल, पोपडे, बुरशीचा वास, आणि तोच सासऱ्यांना बाधतो. चारपाच ठिकाणी कौलं गळतात. वानरं येतात आणि उरलीसुरली फोडतात.

कंत्राटदार म्हणतात, पाडा, आरसीसीमध्ये वरखाली बांधू, वर सोलर टाकू, "ग्रीन होम" होईल. माझं मन घेत नाही. नऊ लाखांपर्यंत हात जातो. दिवाळीनंतर काम धरायचं आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने खरंच काय केल्याने फरक पडतो, आणि आधी काय करावं? एसी सध्या नाही, शक्यतो नकोच आहे.

चहाबाज

आधी वीजबिलं टाका, मे महिन्याचं आणि जानेवारीचं. बिल न बघता सोलर सुचवणारे आत्ता येतीलच.

डोंगरवाट

५ किलोवॅट सोलर टाका, विषय संपला.

चहाबाज

आले.

कोबा

ताई, पेशाने आर्किटेक्ट आहे, कोल्हापूरला. जुनी घरं दुरुस्त करण्यातच निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे आधीच सांगून टाकतो. तरी आकडे बघा आणि तुम्हीच ठरवा.

तुमच्या कंत्राटदाराचं "ग्रीन होम" धरू. ९०० खाली, ९०० वर, म्हणजे १८०० चौरस फूट आरसीसी. आमच्या धंद्यातल्या ठोकताळ्याने चौरस फुटाला सिमेंट ०.४ पोतं आणि लोखंड साडेतीन ते चार किलो लागतं. म्हणजे ७०० पोती सिमेंट, ते झालं ३५ टन, आणि साडेसहा-सात टन लोखंड. सिमेंटच्या टनामागे कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टनाहून बराच जास्त, लोखंडाच्या टनामागे दोन टन किंवा वर. विटा, फरशी, वाहतूक सोडून देऊ, तरी ४० टनांच्या घरात जातं. वर जे ३ किलोवॅट सोलर बसवणार ते आपल्याकडे वर्षाला ४,००० युनिटच्या आसपास देतं, आणि आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे ०.७ किलो पकडली तर वर्षाला वाचतात तीन टन. म्हणजे नवीन घराने पहिल्या दिवशी जे हवेत सोडलं ते फेडायलाच सोलरची तेरा-चौदा वर्षं गेली. शिवाय तुमच्या जुन्या भिंतींचा राडारोडा शंभर टनांच्या आसपास निघेल, तो कुठल्या ओढ्यात जाऊन पडतो ते आपण सगळे जाणतो.

तेव्हा पाडणं रद्द. फक्त त्याआधी एक काम: लाकूड तपासून घ्या. तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं तिथेच ओल धरते आणि तिथेच वाळवी लागते. मधला भाग ठणठणीत दिसतो आणि टोक भुगा झालेलं असतं. सुतार बोलवा, पटाशीने टोचून बघा, हातोडीने ठोकून आवाज ऐका. भरीव आवाज आला तर ते सागवान तुमच्या नातवंडांनाही पुरेल. एखाददुसरं टोक गेलं असेल तर तेवढंच कापून नवीन सागाचा जोड देता येतो, किंवा खाली दगडी टेकू. खांब ओळंब्यात आहेत का, भिंतीला पोट सुटलंय का, हेही एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बघून घ्या. त्याची फी नऊ लाखांतली सगळ्यात सार्थकी लागलेली रक्कम ठरेल.

आता ओल. दोन प्रश्न विचारतो. बाहेरून भिंतींना सिमेंटचा गिलावा आहे का? आणि घरासमोरचा रस्ता जोत्यापेक्षा वर आलाय का?

शेवग्याची_शेंग

@कोबा, दोन्हीला हो! वीसेक वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटने "पक्कं" करून घेतलंय. आणि रस्त्यावर थरावर थर चढून चढून आता आम्ही दारातून एक पायरी खाली उतरतो. सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तीन पायऱ्या चढून घरात यावं लागायचं.

@चहाबाज, मे महिन्यात ३४० युनिट, जानेवारीत २१०. चार जुने पंखे, एक पंधरा लिटरचा गिझर, फ्रिज बराच जुना आहे. सासरे अजून बंबावर तापवतात, नारळाच्या शेंड्या आणि सुताराकडच्या ढलप्या घालून. तेवढ्यासाठी गिझर वापरत नाहीत.

कोबा

मग तुमचं निदान जवळजवळ झालंच. मातीची भिंत पाणी घेते आणि सोडते. तिला बाहेरून सिमेंट चोपडलं की घेतलेलं पाणी सोडायला वाट राहत नाही, मग ते आतल्या बाजूने निघतं, तेच तुमचे पोपडे. त्यात रस्ता वर आल्यामुळे पावसाचं पाणी जोत्याशी तुंबतं आणि तळातून भिंतीत चढतं. आत्ता पाऊस चालू आहे ते एका अर्थी बरंच आहे. खडूने भिंतीवर ओलीची रेघ मारून ठेवा. जमिनीपासून दोनतीन फुटांपर्यंतच ओल असेल तर ती तळाची. वरून ओघळ येत असेल तर कौलांची किंवा पन्हळीची. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि बरेच जण दोन्हीवर एकच वॉटरप्रूफ रंग फासून मोकळे होतात. तो रंग भिंतीला पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालतो.

इलाज. बाहेरच्या भिंतीलगत फूटभर रुंद चर खणायची, जोत्याच्या पायाला धक्का न लावता, तळाला उतार देऊन त्यात खडी भरायची आणि पाणी गटाराकडे किंवा शोषखड्ड्याकडे काढून द्यायचं. भिंतीला चिकटून सिमेंटची फरसबंदी असेल तर ती उचकटायची. मग सिमेंटचा गिलावा हळूहळू काढायचा. ब्रेकर मशीन लावू देऊ नका, छिन्नीनेच. माती सोबत निघेलच, तेवढं त्याच मातीने भरून काढता येतं. भिंत एक उन्हाळा नाही तरी निदान काही आठवडे उघडी वाळू द्यायची. त्यावर बाहेरून चुन्याचा गिलावा आणि आतून माती, शेण, भुसा यांचं लिंपण, वर चुन्याची सफेदी. चुन्यात बुरशी सहजी धरत नाही, दम्याच्या माणसाला त्याचा फायदा आहे. आत ऑइल पेंट किंवा अॅक्रिलिक अजिबात नको.

आणि मागच्या खोलीची भट्टी. साताऱ्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत घर तापतं ते छपरातून, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीतून. दक्षिणेची भिंत उन्हाळ्यात फारशी तापतच नाही. तिला फूट-दीड फुटाचा छज्जा पुरतो. म्हणून पहिला पैसा छपरावर, दुसरा पश्चिमेच्या सावलीवर. बाकी सगळं नंतर.

स्लॅबवर जुना ब्रिकबॅट कोबा (गळती अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) फुटलेला असेल तर दुरुस्त करून वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची फरशी, आपण चायना मोझॅक म्हणतो ती. टाइलच्या दुकानदारांकडे फुटका माल पडून असतो, पोत्याने मिळतो. ऊन परत फेकते, पाणीही अडवते, आणि पांढऱ्या रंगासारखी दरदोन वर्षांनी पुन्हा लावावी लागत नाही. फक्त मधूनमधून घासून धुवा, धुळीने काळवंडली की तिचा उपयोग गेला.

राइनकाठ

कोबांशी बरंच सहमत, पण एक मुद्दा. मी जर्मनीत राहतो. इथे जुन्या घराची दुरुस्ती म्हटलं की पहिली गोष्ट इन्सुलेशन: बाहेरून सहा-आठ इंच थर, तीन काचांच्या खिडक्या, फटी बंद. ऊर्जेची सर्वात मोठी बचत त्यातूनच होते. ताईंनी बाहेरून थर्मोकोलचा थर देऊन त्यावर गिलावा केला तर उष्णता आणि ओल दोन्ही प्रश्न सुटणार नाहीत का? शिवाय पुढेमागे एसी लावलाच तर बिल कमी येईल.

कोबा

साहेब, तुमच्याकडे हिवाळ्यात आत २० आणि बाहेर उणे ५, आणि घर बंद करून तापवलेलं. साताऱ्यात एप्रिल-मेमध्येसुद्धा रात्री हवा उतरते. इथे घर बंद करायचं नसतं. दिवसा पडदे ओढून आणि रात्री सताड उघडून चालवायचं असतं. दीड फुटाची मातीची भिंत दुपारचं ऊन आत पोचवेपर्यंत रात्र होते, तोवर खिडक्या उघडलेल्या असतात. तिला थर्मोकोलमध्ये गुंडाळलं तर सिमेंटने जे केलं तेच जास्त पक्कं होईल, वर वाळवीला आत लपायला जागा. तीन काचांची खिडकी तर पंख्यावर चालणाऱ्या घरात फुकट खर्च आहे, ती उघडीच राहणार.

छपराबद्दल मात्र तुमचं म्हणणं सोळा आणे. कौलांखाली इन्सुलेशन हवंच.

राइनकाठ

भिंतींचं पटलं. मग छपराचं सांगतो. कौलांच्या खाली चमकता फॉइल-पडदा, चमकती बाजू वर, पण कौलाला चिकटवून नाही, मध्ये इंच-दोन इंच हवा खेळायला हवी. त्याखाली दोन इंच रॉकवूल (दगडापासून केलेली उष्णतारोधक लोकर) आणि मग लाकडी फळ्या. आढ्याजवळ गरम हवा बाहेर पडायला फट ठेवा, त्याला बारीक जाळी. हवेची वाट बंद झाली तर फॉइलचा निम्मा उपयोग जातो.

वळचण

कौलांवर बोलणं आलं म्हणून लिहिते. माहेर चिपळूणजवळ, कौलं आणि वानरं दोन्ही जन्मापासून.

दरवर्षी मे महिन्यात शाकारणी (कौलं काढून, साफ करून पुन्हा नीट बसवणं) चुकवली नाही तर कौलारू छप्पर गळत नाही. आता शाकारणी करणारे मिळत नाहीत ही खरी अडचण आहे, छपराचा दोष नाही. तुमच्या छपराला अदमासे साताठशे कौलं असतील. सगळी उतरवून धुवा, टिचकी मारून बघा. खणखणीत वाजली ती ठेवा, भदभद वाजली ती बाद. शंभर-सव्वाशे नवीन लागतील. नवीन कौलांचा साचा वेगळा असतो, जुन्यांत बसत नाही, म्हणून जुनीच शोधा. कुठे ना कुठे जुनं घर पाडत असतातच, तिथून मिळतात. नवीन आणायचीच झाली तर एका अंगाची सगळी नवीन करा आणि उरलेली जुनी दुसऱ्या अंगाला वापरा. रीप (कौलं ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) बदलताना कौलाला मागे भोक असतं त्यातून तार ओवून रिपेला बांधून घ्या, निदान वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्याच्या दोन. वानरं उडी तिथेच मारतात. आमच्याकडे काहींनी वरून जाळी टाकली, ती पाचोळ्याने भरते आणि पाणी तुंबतं.

खाली पत्रा आणि वर कौल असंही हल्ली सर्रास करतात. गळत नाही हे खरं. पण मग लाकूड काढून लोखंडी सांगाडा येतो, आणि तुमचे वासे शाबूत असतील तर ते कशाला?

दोन काचेची कौलं मधल्या खोलीवर बसवा. दिवसा दिवा लावायला नको. उत्तरेच्या उताराला बसवा हं, दक्षिणेला बसवली तर थंडीत बरं वाटेल आणि मार्चपासून शिव्या द्याल.

निळावंती

आता विजेकडे. (@चहाबाज, बिलं आली, आता परवानगी आहे का?)

चार जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅट, दहा तास, दिवसाला ३ युनिट. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) २८ ते ३५ वॅट घेतो, म्हणजे महिन्याला पन्नासेक युनिट वाचतात. २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, पाच तारे बघून घ्या. उन्हाळ्यात तुमचं बिल ३०० युनिटच्या वर जातं आणि तिथून पुढच्या युनिटांना दर चढा लागतो. म्हणजे पंखे बदलून वाचलेली युनिटं ही सगळ्यात महाग युनिटं आहेत. जुना फ्रिज बदलताना मोठा घेऊ नका आणि जुना "बाहेरच्या खोलीत राहू दे" असं तर अजिबात करू नका. तो दुसरा फ्रिज घराघरात चालू असतो.

गिझरऐवजी सोलर वॉटर हीटर, १५० लिटरचा. साताऱ्याला वर्षातले आठ-नऊ महिने गरम पाणी देतो. पाणी क्षारयुक्त असेल तर काचेच्या नळ्यांवर थर बसतो, त्यामुळे आडाचं पाणी त्यात सोडणार असाल तर हीट एक्सचेंजरचा (ज्यात वापरायचं पाणी नळ्यांत न जाता वेगळं तापतं तो) घ्या. प्रेशर पंप लावणार असाल तर नळ्यांचा नको, सपाट पॅनेलचा. टाकीपासून न्हाणीपर्यंतचा पाइप गुंडाळून घ्या. नाहीतर पहिली बादली गार पाणी वाया, ते कुणी मोजत नाही. बंब काढू नका, पावसाळ्यात त्याचंच काम आहे. पण दमा असलेल्या माणसाने रोज धुरात बसणं बरं नाही. बंब बाहेर पडवीत न्या.

विजेचं सोलर: तुमचा वर्षाचा वापर ३,००० ते ३,३०० युनिट धरला, पंखे आणि हीटरनंतर तो २,००० च्या जवळ येईल. त्याला २ किलोवॅट पुरतं, ५ कशाला? पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तिच्यात १ किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि ३ किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे. अनुदान हवं तर पॅनेल देशी बनावटीचीच लागतात आणि विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला लागतो. एकाने फोनवर "अनुदानाचं आम्ही बघतो, आधी पूर्ण रक्कम भरा" असं सांगितलं होतं, असल्यांच्या नादी लागू नका. नेट मीटरिंगचे (आपली जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करण्याचे) नियम मधूनमधून बदलतात, महावितरणच्या कार्यालयात जाऊन आजचा नियम विचारा. आणि हे सगळं शेवटच्या टप्प्यात. आधी वापर उतरवा, मग वर्षभराची बिलं बघून किती किलोवॅट ते ठरवा.

फक्त एक काम आत्ता: चायना मोझॅक करतानाच पॅनेलच्या पायांचे ओटे बांधून घ्या. नंतर सोलरवाले येऊन नव्या फरशीत भोकं पाडतात आणि तिथूनच स्लॅब गळायला लागते. सांगाडा सहासात फूट उंच केलात तर खाली वाळवणं होतील आणि पॅनेलची सावली स्लॅबला मिळेल, ती भट्टी आणखी उतरेल.

डोंगरवाट

ठीक आहे, २ किलोवॅट. माझे शब्द मागे.

झिरपा

आडाकडे कुणी बघितलंच नाही अजून!

तुमच्या छपराचं क्षेत्र ८४ चौरस मीटर. साताऱ्यात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला २० टक्के उडून-सांडून गेला असं धरा. तरी ६७,००० लिटर उरतात. पाच माणसांना माणशी १३५ लिटरप्रमाणे रोज ६७५ लागतात. म्हणजे शंभर दिवसांचं पाणी आज पागोळ्यांतून तुमच्याच जोत्याशी पडतंय आणि भिंतीत चढतंय. पन्हळी लावणं हा पाणी साठवण्याचा उपाय आहे आणि ओलीचाही. @कोबांची खडीची चर करायच्या आधी पन्हळी.

पन्हळीतलं पाणी आडात सोडा, पण थेट नाही. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढून द्यायला तोटीचा पाइप, मग खडी-वाळू-कोळशाची टाकी, मग आड. बोअर मारून पुनर्भरण वगैरेच्या फंदात पडू नका. आपल्याकडे खाली काळा पाषाण, भेगा कुठे आहेत हे नशिबावर. तुमच्या आडात वर्षभर पाणी टिकतं याचा अर्थ त्याचे झरे चालू आहेत, ते आयतं पुनर्भरण आहे.

आधी आड उपसा, गाळ काढा. खाली उतरणाऱ्या माणसाआधी पेटता कंदील उतरवून बघायची जुनी पद्धत आहे, तरी तेवढ्यावर विसंबू नका. दोर बांधलेला माणूस, वर दोघं, आणि हवा खेळवल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. वरून जाळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: संडासाची सेप्टिक टाकी आडापासून किती लांब आहे? पेठेतल्या परसांत ती बऱ्याचदा पंधरा-वीस फुटांवर असते. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. पिण्याला नळाचंच ठेवा. आडाचं पाणी धुणं, फ्लश, झाडं, फरशी यांना. घरातला बराच वापर तोच असतो.

न्हाणी दुरुस्त करणारच असाल तर जुना दहा-बारा लिटरचा फ्लश काढून ३ आणि ६ लिटरचा दुहेरी बसवा. न्हाणीचं पाणी केळी आणि कर्दळीकडे वळवा. स्वयंपाकघराचं नको, तेलाने माती बुजते.

व्यवहारी

सगळं ऐकून घेतलं. थोडा विरोधी सूर लावतो. भावाभावांत वाटणी व्हायची आहे का? मुलाला उद्या वर खोली हवी झाली तर? मातीच्या भिंतीवर मजला चढत नाही. आज नऊ लाख घालून दहा वर्षांनी पाडायचंच असेल तर ते नऊ लाखही गेले आणि तुमचा चाळीस टन कार्बनही वाचला नाही. पेठेतल्या जागेला भाव आहे, चटई क्षेत्र शिल्लक आहे, बिल्डर दारात येणारच. आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय, ते कुणी बोललंच नाही.

कोबा

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आर्किटेक्टकडे नाही, घरातल्या माणसांकडे आहे. पुढच्या पंधरा वर्षांत माणसं वाढणार असतील तर मागचा विटांचा भाग बघा. तिथला पाया चांगला असेल तर वर हलकी एक खोली निघू शकते, इंजिनिअरला तेही विचारा. ती बांधलीत तर रॅट ट्रॅप बाँडची भिंत करा. वास्तुरचनाकार लॉरी बेकरांनी केरळात घराघरांत वापरली ती. वीट कडेवर उभी लावतात, मध्ये पोकळी राहते, विटा पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन कमी शिरतं. आपले गवंडी पहिल्या दिवशी नाक मुरडतात. दोन थर समोर उभं राहून लावून घ्या, मग हात बसतो.

गुडघ्यांसाठी: एक संडास-न्हाणी उंबऱ्याशिवाय, कमोड, भिंतीला धरायला दांड्या, घासाची फरशी. जुनी शहाबादी निघेल ती उलटी करून परत बसवा, खालची बाजू खरखरीत असते, घसरत नाही.

शेवग्याची_शेंग

किती लिहिलंत सगळ्यांनी! घरात मोठ्याने वाचून दाखवलं. वाटणीचा प्रश्न नाही, दीरांनी आपला हिस्सा आधीच घेतलाय. मुलगा दहावीत आहे, त्याला वरची खोली हवी की नको हे आज त्यालाही माहीत नाही. सासूबाईंना शहाबादी उलटी करायची कल्पना फार आवडली.

इंजिनिअर येऊन गेले. भिंती ठीक, दोन तुळयांची पश्चिमेकडची टोकं गेली आहेत. दोन्ही बरोबर तिथेच जिथे पन्हळ फुटली आहे. खडूची रेघ तीन फुटांवर थांबली, बाकी सगळी ओल छपराची. सेप्टिक टाकी आडापासून अठरा फुटांवर निघाली, @झिरपा, तुम्ही आमच्या परसात येऊन गेलात की काय?

तर क्रम असा ठरतोय: तुळया, छप्पर आणि पन्हळी, मग चर आणि गिलावा काढणं, मग स्लॅब आणि ओटे, न्हाणी, पंखे. चुना भिंती वाळल्यावर. सोलर पुढच्या वर्षी. तीन प्रश्न उरले. पश्चिमेच्या भिंतीला सावली कशाची करू, जागा तीन फूटच आहे. सेप्टिक टाकीचं काय? आणि चुन्याचं काम येणारा गवंडी कुठे शोधू? इथले सगळे "चुना आता कोण लावतंय" म्हणून हसतात.

वळचण

पश्चिमेला बांबूचा मांडव, भिंतीपासून फूट-दीड फूट सोडून, त्यावर मधुमालती किंवा कृष्णकमळ. वेल भिंतीवर चढवू नका, मुळं लिंपणात घुसतात. वेल वाढेपर्यंत दोन उन्हाळे बांबूच्या चिका लावा, आतून नव्हे, बाहेरून. आतून लावलेला पडदा ऊन घरात घेऊन मग अडवतो.

झिरपा

पेठेत आता ड्रेनेज लाइन असेल तर नगरपालिकेत विचारून त्यात जोडणी घ्या आणि टाकी साफ करून बुजवा. लाइन नसेल तर टाकीचा तळ आणि भिंती गळतात का ते बघून आतून प्लास्टर करा, आणि तिचं बाहेर पडणारं पाणी आडाच्या उलट्या बाजूला काढा. तोवर आडाचं पाणी झाडं आणि फ्लशलाच.

कोबा

गवंडी वाईला शोधा. तिथले घाट, देवळं, वाडे यांच्या दुरुस्तीवर काम केलेली माणसं अजून आहेत. एखाद्या देवळाच्या पुजाऱ्याला विचारा, शेवटचं चुन्याचं काम कुणी केलं. इंटरनेटपेक्षा लवकर सापडतात. नाहीच जमलं तर एक जाणता मिस्त्री आठवडाभर आणा आणि त्याच्या हाताखाली तुमचे दोन गवंडी लावा. अट एवढीच घाला की चुन्यात सिमेंट मिसळायचं नाही. "थोडं टाकतो, लवकर धरेल" असं हमखास म्हणतात आणि तुमची पाठ वळली की टाकतात.

चुना आणि सुर्खी (विटांची भुकटी) चुन्याच्या घाण्यात मळलेली मिळाली तर उत्तम. नाहीतर कळीचा (न विरवलेला) चुना आत्ताच आणून टाकीत विरवून ठेवा. विरताना पाणी उकळतं, अंगावर उडालं तर भाजतं. मुलाला आणि म्हाताऱ्यांना लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि चुन्यात पाणी नाही तर पाण्यात चुना सोडा. वर कायम चार बोटं पाणी राहू द्या. जितका मुरेल तितका गिलावा चिकट होतो. गूळ आणि हिरड्याचं पाणी किती घालायचं ते मिस्त्री सांगेल, प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो. गिलावा झाल्यावर गोणपाट ओलं करून आठवडाभर भिंतीवर, आणि उन्हं तापायच्या आत हे काम उरका.

चहाबाज

वाचनखूण साठवली. ताई, काम चालू झालं की याच धाग्यावर खर्चाचे आकडे टाकत जा, छपराचे आणि चुन्याचे वेगवेगळे. आमच्याकडे भुईंजला असंच घर आहे आणि असाच कंत्राटदार आहे.